एक पंप भरेपर्यंत

दुकानाच्या गल्लीत धुराची मशीन आली तेव्हा मी एका निवृत्त मास्तरांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवून बघत होते. डेंग्यूचे दिवस. अशा दिवसांत एक माणूस खांद्याला मशीन अडकवून नाल्यांवर धूर सोडत फिरतो, पोरं ओरडत त्याच्या मागे पळतात, बायका दारं लोटून घेतात आणि पाच मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. यवतमाळात राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटावं असं काही नाही. मला आधी आवाज आला, मग वास. मधलं काही आठवत नाही. मी काउंटरच्या खाली होते, गुडघे छातीशी, हातात मास्तरांची फ्रेम, तिची एक काडी मोडलेली. वरून नानाजी, म्हणजे आमचे मालक, वाकून बघत होते. "काय झालं वं अंजू? काही पडलं काय?" मी म्हणाले, हो, स्क्रू पडला. चष्म्याच्या दुकानाचं हे एक बरं असतं, स्क्रू कधीही पडू शकतो आणि तो कुणाला दिसतही नाही. नानाजींनी मास्तरांपुढे दुसरा ट्रे ठेवला. मी खालीच राहिले, फरशीवर हात फिरवत. सात वर्षांत मी असे पुष्कळ स्क्रू शोधले आहेत, आणि नानाजी इतके भोळे नाहीत की त्यांना ते कळू नये. पण ते विचारत नाहीत. त्यांच्या न विचारण्यावर मी या दुकानात टिकून आहे.

ममता मॅडमनी सांगितलेलं मी करून पाहिलं. त्या समुपदेशन करतात, आणि मागच्या उन्हाळ्यात मी तीनदा त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी सांगितलं होतं की असं झालं की डोळ्यांना दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायच्या, कानाला ऐकू येणारे चार आवाज, हाताला लागणाऱ्या तीन गोष्टी. काउंटरच्या खालून मला दिसलं ते असं: एक मेलेलं झुरळ, मास्तरांच्या चपला, नानाजींच्या चपला, माझ्या चपला, आणि पुन्हा तेच झुरळ. यातून माणूस बरा होत असेल तर होवो. मॅडम चांगल्या आहेत, थट्टा करण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. त्यांनी एकदा विचारलं, "रडू येतं का?" मी नाही म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला हसू येत होतं, कारण आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात ही गोष्ट कुणाला सांगितली असती तर लोक म्हणाले असते, गोर माणसाची पोरगी आणि रडता येत नाही? आमच्यात रडणं शिकवतात. लहान पोरी खेळात एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सूर लावतात. नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यासारखी रडते, माहेरचं सगळं त्यात मांडते. दोन बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या तरी आधी गळ्यात पडून रडतात, मग चहा. कुणी गेलं असेल तर विचारूच नका. मला हे माझ्या रुपीकाकीनं शिकवलं. तिच्याइतकं सुरात रडणारी बाई आर्णीपासून दिग्रसपर्यंत नाही, असं तांड्यातले म्हातारे म्हणायचे, आणि काकी मला पुढे करून म्हणायची की ही माझ्याही पुढे जाईल. काकीचा एक नियम होता. रडताना माणूस जे बोलतं ते रडण्यातच ठेवायचं. डोळे पुसले की त्यातलं एक अक्षर बाहेर काढायचं नाही, त्यावरून कुणाला बोलायचं नाही, भांडायचं तर मुळीच नाही. म्हणूनच बाया त्यात सासूचं, नवऱ्याचं, स्वतःचंही सांगून मोकळ्या व्हायच्या.

त्याच संध्याकाळी नेमसिंग काकांचा फोन आला. माझे सख्खे काका, काकीचे यजमान. "अंजू, तुह्या काकीचा मोतीबिंदू काढला बरं आज. सोमवारी पुन्हा दाखवाले बलावलं हाय. तवापर्यंत तुह्या खोलीवरच राहीन ती. मले सोयाबीन पाहावं लागते." मी हो म्हणाले. सात वर्षांत मी काकीसमोर एकदाही गेले नव्हते. याडी, म्हणजे माझी आई, मधूनमधून येऊन मला भेटून जाते. तांड्यात मी गेलेच तर काकी माहेरी गेली आहे याची खात्री करून. ती येणार म्हणताच मी खोली झाडली, चादर बदलली, वरणाला फोडणी दिली आणि मग लक्षात आलं की मी तीनदा दाराची कडी लावून पाहिली.

शनिवारी दुपारी काका तिला घेऊन आले. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर दवाखान्यात दिलेला मोठा काळा चष्मा. मी चष्म्यांतच दिवस काढते, तरी हसू आवरलं नाही. काकी एखाद्या जुन्या नटीसारखी दिसत होती. काकांनी औषधाच्या बाटल्या मोजून माझ्या हातात दिल्या. "दिवसातून चार खेपा थेंब. वाकू द्यायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीपुढं नाही. अन् महिनाभर रडाले बंदी केली डॉक्टरनं. म्या म्हणलं साहेब, आमच्या बाया भेटल्या का रडतेतच, त्याले काय इलाज? तर साहेब म्हणते, मंग भेटूच देऊ नोका." काका स्वतःच मोठ्यानं हसले आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले. मी आणि काकी दारात उभ्या. हा तो क्षण होता, सात वर्षं टाळलेला. एरवी याच क्षणी तिनं माझ्या गळ्यात हात टाकला असता. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "बारीक झाली वं छोरी," आणि आत जाऊन खाटेवर बसली. बंदी होती म्हणून तसं केलं की तिला तसंच करायचं होतं, ते मला कळलं नाही. कारण डोक्यावर असाच हात तिनं त्या वेळीही ठेवला होता.

काकी बोलते ती आमच्या बोलीत. मी ते इथे मराठीत लिहिते आहे आणि लिहिताना त्यातला निम्मा रस सांडतो, त्याला इलाज नाही. आल्यापासून ती बोलली ती म्हशीबद्दल, तुरीबद्दल, कुणाच्या मुलीच्या लग्नाबद्दल. ओमचं नाव तिनं घेतलं नाही, मी घेतलं नाही. ओम तिचा मुलगा. एकुलता एक. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भिया म्हणायची, पण मान मात्र देत नव्हते. चार वेळा मी तिचा चष्मा काढायची, खालची पापणी बोटानं ओढायची आणि थेंब सोडायची. इतक्या जवळून मी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. तिची बाहुली मोठी होती, काळीभोर. ओमच्या शेवटी इतक्या लहान झाल्या होत्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या. मी दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकायला गेले आणि काकी म्हणाली, "ह्यात नाही, हा डोळा अजून व्हायचा हाय." मी बाटलीचं झाकण लावलं.

सात वर्षांपूर्वी मी आर्णीच्या कॉलेजात बी.ए.ला होते. ऑक्टोबरातला तो दिवस. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, आत शिरलेला माणूस दिसू नये इतकी दाट, आणि वारा म्हणून नाही. फवारणीला एक माणूस पंप पाठीवर घेतो आणि एक बाई पाणी आणते, ड्रममध्ये औषध कालवते, रिकामा पंप आला की भरून देते. औषध म्हणजे विष, आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. त्या दिवशी बाई मी होते. झाकणानं मोजून दोन बाटल्यांतलं कालवलं, तुराटीनं ढवळलं. दुकानदारानं सांगितलं तेवढंच. हे मी ममता मॅडमना सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, यात तुझा दोष नाही, आणि मला ते पटलंही. मापाचं मला नाही छळत. ओम त्या दिवशी बनियनवर होता, उघड्या खांद्यांवर पंपाचे पट्टे, पंपातून पाठीवर गळणारं औषधाचं पाणी. शर्ट का घातला नाही, मी विचारलंही नाही. मला ते आज विचित्र वाटतं, कारण तो असा नटवा की शेतातही भांग पाडून यायचा.

आणि तो नाटकी होता. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहानपणापासून मरून पडायचं सोंग त्याला फार आवडायचं. पोळ्याच्या दिवशी बैलापुढे पडला, तीजेला बायकांच्या घोळक्यात पडला, एकदा भर लग्नात जेवणाच्या पंगतीत जीभ बाहेर काढून पडला आणि वाढप्यानं भाताचं भांडं टाकून पळ काढला. पडला की थोड्या वेळानं एक डोळा किलकिला करून बघायचा, कोण कोण घाबरलं ते. त्याच आठवड्यात त्यानं मला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोनदा फसवलं होतं. पहिल्यांदा मी किंचाळत तांड्याकडे धावत सुटले होते आणि तो मागून टाळ्या पिटत आला होता. मी शपथ घेतली होती की आता फसायचं नाही. त्या दुपारी सातव्या पंपाला तो कपाशीच्या ओळींतून बाहेर आला, दोन पावलं वाकडी पडली, रिकामा पंप खांद्यावरून उतरवला आणि धुऱ्यावर आडवा झाला. तोंडातून लाळ. हातपाय झटके देत होते. मी हसले. मी म्हणाले, "वा रे वा, लाळ तर नवीन हाय." मी टाळ्या वाजवल्या. मग मी त्याचा पंप घेतला, ड्रमवर ठेवला, गाळणी लावली आणि तांब्यानं तांब्यानं तो भरायला लागले, आणि भरता भरता हसत होते, आणि त्याच्या डोळ्याकडे बघत होते, तो एक डोळा कधी किलकिला होतो याची वाट बघत. पंप भरला. झाकण लावलं. मग मी म्हणाले, "उठ ना रे नौटंकी," आणि पायानं त्याला ढोसलं.

मी हसले हे मी कुणालाही सांगितलं नाही. याडीला नाही, मॅडमना नाही. मॅडमनी विचारलं होतं, तो पडल्यावर तुला कळायला किती वेळ लागला. मी म्हणाले, लगेच कळलं. त्यांच्या वहीत तसं लिहिलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. आदल्या संध्याकाळी घरी गेलेल्या काकीला तांड्यातून परत यायला दहा वाजले. मी वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात उभी होते, रात्रभर तशीच. ती आली, तिनं मला पाहिलं, आणि ती काय विचारणार, माझ्या तोंडावरूनच तिला कळलं. तिनं माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि सूर लावला. असा सूर की व्हरांड्यातले सगळे उठून बघायला लागले. कुणाच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. एक माणूस म्हणाला, "हे काय तमाशा लावला?" पहिली ओळ आईची असते, दुसरी बहिणीनं उचलायची. काकीची पहिली ओळ संपत आली होती. दुसरी माझी होती. आणि मी तळहात तिच्या तोंडावर ठेवला. "काकी, इथं नोको," मी म्हणाले. "लोक पाहून राह्यले." तिचा सूर माझ्या तळहातात अडकला, गरम आणि ओला. ती थांबली. पुढे सात वर्षं सगळे समजून राहिले की कॉलेजात शिकलेल्या पोरीला शहरातल्या माणसांची लाज वाटली. याडीनं मला त्यासाठी खूप बोलून घेतलं. लाज नव्हती. दुसरी ओळ उचलली असती तर तोंडातून ते आलं असतं. रडताना खोटं बोलता येत नाही, निदान मला तिनं तसं शिकवलं नव्हतं. तांड्यात नेल्यावर काकी प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडली. माझ्याजवळ आली तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या बाईकडे गेली. त्या दिवसापासून मी रडले नाही. आधी मला वाटलं, मी धीराची आहे. मग वाटलं, दगड आहे. आता एवढंच कळतं की माझी ओळ तशीच राहिली आहे.

रविवारी दुपारी चारला मी थेंबांची बाटली हातात घेतली आणि मशीनचा आवाज आला. आज खोलीच्या गल्लीची पाळी होती. मी खिडकी लावायला गेले, कडी बसेना, पांढरा धूर फटीतून आत आला, आणि मी खाली होते, खाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, कान दाबून. पाच वस्तू मोजायच्या म्हणून पाहिलं तर एकच दिसत होती, काकीचा पाय. ती खाटेवरून उतरली. वाकायचं नाही म्हणून भिंतीला धरून, ताठ पाठीनं, हळूहळू खाली बसली. स्क्रू पडला, असं मी तिला सांगणार होते. तिनं विचारलंच नाही. तिनं माझ्या गळ्यात हात टाकला, बांगड्या माझ्या मानेला थंड लागल्या.

"मले बंदी हाय," ती म्हणाली. "तू रड."

"मले येत नाही, काकी."

"येत नाही कसं? म्याच शिकवलं तुले. सूर मी धरतो. बोलायचं तू."

आणि तिनं कोरड्या डोळ्यांनी सूर धरला. शब्द नाहीत, नुसता सूर, अगदी हलका, पोरींना शिकवताना धरायची तसा. एकदा तो फिरून आला, दुसऱ्यांदा आला, प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीपाशी येऊन थांबत होता आणि माझ्यासाठी जागा सोडत होता. तिसऱ्यांदा माझ्या घशातून काहीतरी आलं. ते रडणं नव्हतं, कुत्र्यानं केकाटावं तसं काहीतरी. काकी थांबली नाही. मग मी म्हणाले, भिया रे. मग म्हणाले, भिया रे, तू पडला आणि मी हसले. तू पडला आणि मी टाळ्या पिटल्या. तुझा पंप मी भरला रे भिया, तुला नाही उचललं, तुझा पंप भरला, पंप भरेपर्यंत मी हसले. हे मी सुरात म्हणत होते आणि माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, मी फक्त काकीच्या अंगाकडे लक्ष देऊन होते. तिचं अंग ताठ झालं होतं. तिचा सूर थांबला होता.

गल्लीतली मशीन दूर गेली. पोरांचा ओरडा दूर गेला. तिचा हात अजून माझ्या गळ्यात होता, पण जड, विसरून राहिल्यासारखा. मला वाटलं, आता ती तो काढून घेईल. काढून घेतला असता तर ते बरोबरच होतं. सात वर्षं मला याचीच भीती होती.

मग काकीनं सूर पुन्हा लावला. या वेळी शब्दांसह, आणि आईची ओळ. सोन्या रे, तीजेचा नवा शर्ट तू घालून निघाला. सोन्या रे, म्या दारात अडवलं. औषधानं खराब होईन म्हणलं, काढ म्हणलं. तुह्या अंगातून म्या शर्ट काढला रे, माह्या हातानं काढला, खुंटीले टांगला, घडी नाही मोडली त्याची, अजून नाही मोडली.

बनियनवर का होता, ते मला असं कळलं. मी तिला घट्ट धरलं. तिची ओळ संपली की माझी, माझी संपली की तिची, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की काळ्या चष्म्याखालून तिच्या गालावर पाणी येतं आहे. "काकी, डोळा," मी म्हणाले. "काकी, बंदी." ती ऐकेना. मग मी थेंबांबरोबर दिलेला उकळलेला कापूस ओढून घेतला, तिचा चष्मा वर केला, आणि ऑपरेशनच्या डोळ्याखाली तो धरून ठेवला, पाणी आत जाऊ नये म्हणून. एका हातानं कापूस, एक हात तिच्या गळ्यात. तोंड मात्र मोकळं होतं तिचं, आणि ती रडत होती, व्हरांड्यात रडली होती तशी, सगळ्या गल्लीला ऐकू जावं अशी.

दार वाजलं. वाजलं म्हणजे उघडंच होतं, कोकिळाबाईंनी ढकललं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीण. भाडेकरूच्या खोलीतून मिक्सरचा आवाज आला तरी जिन्यावरून विचारणाऱ्या. त्यांच्यामागे शेजारच्या दोघी होत्या. कोकिळाबाईंनी आम्हाला खाली, तशा अवस्थेत पाहिलं.

"कोण गेलं वं अंजू?"

"माझा भाऊ."

"अरे देवा. कवा?"

मी काकीकडे पाहिलं. ती थांबली होती, पण माझ्या गळ्यातला हात तिनं काढला नव्हता.

"सात वर्षं झाली," मी म्हणाले.

मागच्या दोघींपैकी एक काहीतरी कुजबुजली. कोकिळाबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आल्या आणि आमच्याजवळ फरशीवर बसल्या.